खड्ड्याचं कोडं : ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट

पातळी ४ · पाठ ७ · चरित्र

वाचण्याआधी

हा पाठ जरा मोठा आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तरी काही बिघडत नाही. रोज एक-दोन भाग वाचा, शक्यतो मोठ्यानं वाचा. अडलेले शब्द पाठाच्या शेवटी दिले आहेत. आणि एक काम आधीच करा. भारतात फोन लावून आजी-आजोबांना विचारा की त्यांनी लोणार सरोवर पाहिलंय का. त्यांचं उत्तर वहीत लिहून ठेवा. पाठ संपल्यावर ते लागणार आहे.

१. माझी चूक

मागच्या सत्रात मी तुम्हाला लोणार शिकवलं होतं. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचं गाव आहे. गावाला लागूनच जमिनीत एक प्रचंड गोल खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी खारट पाण्याचं सरोवर आहे. खड्ड्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे दोन बुर्ज खलिफा आडवे पाडून एकापुढे एक ठेवले, तरी थोडी जागा उरेल! आकाशातून एक मोठी उल्का येऊन आदळली आणि हा खड्डा झाला, असं मी सांगितलं. ते बरोबरच होतं.

पण बोलण्याच्या भरात मी आणखी एक वाक्य जोडलं. आपल्या शेजारी सौदी अरेबियात अल वाहबा नावाचा असाच गोल खड्डा आहे आणि तोही उल्केमुळेच झालाय, असं मी ठोकून दिलं.

पुढच्या शनिवारी वर्ग सुरू झाला, तेव्हा शारजाच्या एका विद्यार्थिनीनं हात वर केला. ती सुट्टीत घरच्यांबरोबर गाडीनं अल वाहबाला जाऊन आली होती. तो खड्डा उल्केचा नाही, ज्वालामुखीचा आहे, असं तिला तिथे कळलं होतं. ती हे अगदी हळू आवाजात बोलली. सरांना चूक दाखवावी की नाही, असं तिला वाटत असणार.

मी रात्री बसून वाचलं. तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. खरं सांगायचं तर मला थोडी लाज वाटली. मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या वेळी सर चुकले, तरी आम्ही गप्प बसायचो.

पण त्या रात्री वाचता वाचता मला एक माणूस भेटला. शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी वारलेला, अमेरिकेतला, भूगर्भशास्त्रात फार मोठं नाव असलेला. त्याच्या हातून माझ्यासारखीच चूक झाली होती, फक्त नेमकी उलटी! त्याचीच ही गोष्ट.

२. चित्रकाराचा मुलगा

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांचा जन्म ६ मे १८४३ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी झाला. वडील चित्रकार होते. लोकांची चित्रं काढून घर चालवायचे. घरात पैसा बेताचाच. सगळे त्याला कार्ल म्हणत. कार्ल लहानपणी तब्येतीनं नाजूक होता, त्यामुळे दंगामस्ती कमी आणि वाचन जास्त.

१८६२ साली कार्ल पदवीधर झाला. पुढे काय करायचं, ते ठरत नव्हतं. मिशिगन राज्यातल्या एका शाळेत शिक्षकाची नोकरी धरली, पण वर्गातली मुलं काही त्याला आवरेनात. वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सुटली. (आपल्या वर्गातल्या मुलांनो, हे वाक्य दोनदा वाचा आणि तुमच्या सरांवर दया करा!)

मग तो रॉचेस्टरला परतला. तिथे हेन्री वॉर्ड नावाच्या गृहस्थांचा एक वेगळाच व्यवसाय होता. ते दगड, खनिजं, जीवाश्म आणि प्राण्यांचे सांगाडे गोळा करून कॉलेजांना आणि संग्रहालयांना विकत. कार्ल तिथे पाच वर्षं राहिला. दगड ओळखायचे, निवडायचे, नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या, हे त्याचं काम. याच काळात न्यूयॉर्क राज्यात कोहोज इथे धबधब्याजवळ मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राचीन प्राण्याची हाडं सापडली. कार्लला तिकडे पाठवलं गेलं. हाडांचं काम तर त्यानं केलंच, पण त्याचं लक्ष गेलं ते नदीच्या खडकातल्या गोल रांजणखळग्यांकडे. हे खळगे कसे झाले? धबधबा मागे मागे सरकायला किती वर्षं लागली असतील? काठावरच्या झाडांच्या वयावरून त्यानं त्याचा हिशोब मांडायचा प्रयत्न केला.

समोर दिसतंय ते असं का आहे, आणि ते मोजता येईल का, हे दोन प्रश्न त्याला आयुष्यभर पुरले.

३. भाकरीसारखे डोंगर

१८७१ पासून गिल्बर्ट अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सर्वेक्षणांवर जाऊ लागले. तो भाग म्हणजे वाळवंट, दऱ्या आणि उघडे डोंगर. हत्ता किंवा फुजैराला जाताना हजर पर्वताचे उघडे खडक दिसतात ना, झाड नाही, झुडूप नाही? भूगर्भशास्त्रज्ञाला असा प्रदेश म्हणजे उघडं पुस्तकच. गिल्बर्ट खेचरांवर सामान लादून महिनोन्‌महिने तिथे फिरले. स्वभाव शांत आणि विनोदी. सोबतचे लोक त्यांच्यावर खूश असत.

१८७५ आणि १८७६ मध्ये त्यांनी युटा राज्यातल्या हेन्री पर्वतांचा अभ्यास केला. तिथले थर घुमटासारखे वर उचललेले दिसत होते. हे कशानं झालं असावं?

आजीनं तव्यावर टाकलेली भाकरी आठवा. आत वाफ धरते आणि वरचा पापुद्रा टम्म फुगतो. गिल्बर्ट यांचं म्हणणं साधारण असंच होतं, फक्त वाफेच्या जागी मॅग्मा. जमिनीखाली वितळलेल्या खडकाला मॅग्मा म्हणतात. हा मॅग्मा वर येताना थरांच्या मधे अडकला, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, म्हणून त्यानं वरचे थरच उचलून धरले. १८७७ साली त्यांचा हा अहवाल प्रसिद्ध झाला. अशा रचनेला आज लॅकोलिथ म्हणतात. ती कल्पना गिल्बर्ट यांचीच.

१८७९ साली अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं स्थापन झालं. गिल्बर्ट तिथे सुरुवातीपासून होते. त्यांनी युटामधल्या एका नाहीशा झालेल्या विशाल सरोवराचा, म्हणजे लेक बॉनव्हिलचा अभ्यास केला. डोंगरांच्या अंगावर त्या सरोवराच्या काठाच्या खुणा राहिल्या होत्या. पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच असते, म्हणून खुणाही एकाच उंचीवर हव्यात. पण मधल्या भागातल्या खुणा कडेच्या खुणांपेक्षा उंच निघाल्या! गिल्बर्ट यांनी ओळखलं की पाण्याच्या प्रचंड ओझ्यानं जमीन मधे दबली होती, आणि पाणी आटल्यावर ती परत वर आली.

त्याच भागात, सॉल्ट लेक सिटीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी त्यांना भूकंपाच्या जुन्या खुणा दिसल्या. १८८३ साली त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना सावध केलं, की इथे आज ना उद्या मोठा भूकंप होईल.

ते १८८३ साल घरासाठी मात्र फार वाईट ठरलं. त्यांची लहान मुलगी बेसी घटसर्पानं गेली. त्या काळी या रोगावर लस नव्हती. पत्नी फॅनी यांची तब्येतही पुढे खालावत गेली. गिल्बर्ट यांनी या दुःखाचं फार प्रदर्शन केलं नाही. ते काम करत राहिले.

४. तारा की वाफ?

आता आपण खड्ड्यापाशी आलो.

१८९१ साली गिल्बर्ट ४८ वर्षांचे होते आणि खात्याचे मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ होते. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या एका सभेत एक बातमी आली. अॅरिझोनाच्या वाळवंटात कून ब्यूट नावाची जागा आहे. तिथे सुमारे १.२ किलोमीटर रुंद, गोल खड्डा आहे आणि त्याच्या आजूबाजूला उल्केच्या लोखंडाचे तुकडे विखुरले आहेत.

गिल्बर्ट यांना राहवेना. आकाशातून एखादा छोटा तारा पडून हा खड्डा झाला असेल का? तसं असेल तर तो तारा अजून खड्ड्याखाली गाडलेला असणार! पण दुसरीही एक शक्यता होती. त्या भागात जुने ज्वालामुखी होते. कदाचित हा खड्डा वाफेच्या स्फोटानं झाला असेल.

वाफेचा स्फोट म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

फोडणी करताना कढीपत्ता ओला राहिला, तर काय होतं? गरम तेलात पडताक्षणी तो तडतडतो आणि तेल अंगावर उडतं. तो आवाज कढीपत्त्याचा नसतो, पाण्याचा असतो. पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला खूप जागा लागते. एक लिटर पाण्याची उघड्यावर सुमारे १७०० लिटर वाफ होते.

आता तेलाच्या जागी मॅग्मा घ्या. तेल साधारण २०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. मॅग्मा १००० अंशांच्याही वर जाऊ शकतो. कढीपत्त्यावरच्या पाण्याच्या जागी भूजल घ्या. भूजल म्हणजे जमिनीखाली खडकांच्या भेगांत आणि छिद्रांत साठलेलं पाणी, आपल्या विहिरींना आणि बोअरला लागतं तेच. वर येणाऱ्या मॅग्माला हे पाणी भेटलं की वाफ होते, पण वर खडकाचं झाकण असतं. वाफेला जागा मिळत नाही. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा दाब वाढतो आणि शेवटी खडकाचं झाकणच फुटतं.

कधी कधी एकामागून एक असे स्फोट होत जातात. पाण्याच्या धक्क्यानं मॅग्माचे बारीक तुकडे होतात. तुकडे झाले की पाण्याला जास्त गरम पृष्ठभाग मिळतो, म्हणून आणखी वेगानं वाफ होते. त्या वाफेनं आणखी बारीक तुकडे. या साखळीतून पिठासारखी राख तयार होते आणि आकाशात उडते. पाणी फार कमी असेल तर स्फोट जोरदार होत नाही, आणि फार जास्त असेल तर मॅग्मा नुसता थंड होतो. दोन्हींचं प्रमाण जमलं, तरच मोठा धमाका!

तुमच्या वर्गात फिलिपिन्सचे मित्रमैत्रिणी असतील. त्यांना ताल ज्वालामुखीबद्दल विचारा. तो एका सरोवराच्या मधोमध आहे. १२ जानेवारी २०२० रोजी तो उसळला, तेव्हा राख मनिला शहरापर्यंत पोचली आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. मॅग्मा आणि पाणी भेटल्यावर काय होतं, त्याचं हे अलीकडचं उदाहरण.

अशा स्फोटांनी जमिनीत जो रुंद, गोल खड्डा पडतो, त्याला मार म्हणतात. हा जर्मनीतला शब्द आहे. तिथे असे अनेक खड्डे आहेत आणि पुष्कळांत पाणी साठून सुंदर तळी झाली आहेत. गोल खड्डा, भोवती फेकलेल्या दगडांची कडा, आत पाणी. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? लोणारसुद्धा असंच दिसतं!

५. दोन कसोट्या

गिल्बर्ट यांनी नुसता वाद घातला नाही. दोन कसोट्या ठरवल्या आणि ते स्वतः कून ब्यूटला गेले.

पहिली कसोटी होकायंत्राची. खड्ड्याखाली लोखंडाचा डोंगराएवढा गोळा असेल, तर होकायंत्राची सुई तिकडे ओढली जाईल. त्यांनी खड्ड्यात आणि खड्ड्याभोवती सुई तपासली. सुई जराही ढळली नाही.

दुसरी कसोटी मापाची. तांदळाच्या डब्यात हातानं खड्डा केला आणि काढलेले तांदूळ कडेला ठेवले, तर कडेचा ढीग त्या खड्ड्यात बरोबर मावेल. पण तांदळात एक लिंबू दाबून बसवलं असेल, तर खड्ड्याची काही जागा लिंबानंच व्यापलेली असेल. मग बाहेर आलेले सगळे तांदूळ खड्ड्यात मावणार नाहीत, थोडे उरतील. म्हणजेच खाली तारा गाडलेला असेल, तर कडेचा दगडमातीचा ढीग खड्ड्यापेक्षा मोठा भरला पाहिजे. गिल्बर्ट यांनी काळजीपूर्वक मोजणी केली. खड्डा सुमारे ८.२ कोटी घनयार्ड. कडेचा ढीगही सुमारे ८.२ कोटी घनयार्ड! काहीच उरलं नाही.

दोन्ही कसोट्यांचं उत्तर एकच आलं. खाली तारा नाही. मग उरली वाफ. उल्केचे तुकडे तिथे सापडतात, हा निव्वळ योगायोग मानावा लागेल. गिल्बर्ट यांना हा योगायोग फारसा आवडला नव्हता. पण मोजमाप एक सांगतंय आणि मन दुसरं, तर मोजमापाचं ऐकायचं, असा त्यांचा स्वभाव होता.

यावर त्यांनी एक भाषण दिलं, ते १८९६ साली छापून आलं. त्यात त्यांनी आपल्या लोणारचाही उल्लेख केला आहे. लोणार त्यांनी पाहिलं नव्हतं. पण दख्खनच्या काळ्या खडकात असा एक गोल खड्डा आहे, आणि तो कून ब्यूटसारखा आहे, हे वर्णनांवरून त्यांच्या लक्षात आलं होतं. अॅरिझोनाचं वाळवंट आणि आपला बुलढाणा, ही जोडी त्या माणसानं कागदावर लावली!

जोडी बरोबर होती. उत्तर मात्र दोन्हीकडे चुकलं.

६. चंद्राकडे बघणारा माणूस

मधल्या काळात, म्हणजे १८९२ साली, गिल्बर्ट यांनी वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत १८ रात्री बसून दुर्बिणीतून चंद्र पाहिला. चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखींचे आहेत, असं तेव्हा बहुतेक लोक मानत. गिल्बर्ट यांना ते पटलं नाही. हे खड्डे आकाशातून आदळलेल्या गोळ्यांचे आहेत, असं त्यांनी मांडलं. सरकारी पगार घेणारा भूगर्भशास्त्रज्ञ रात्रभर चंद्राकडे बघत बसतो, म्हणून संसदेत त्यांची थट्टासुद्धा झाली.

गंमत बघा. चंद्राच्या खड्ड्यांबद्दल ते बरोबर होते. स्वतःच्या पायाखालच्या खड्ड्याबद्दल चुकले.

आणि दोन्हीकडे त्यांना एकच गोष्ट अडत होती. चिखलात तिरका दगड मारला, तर खड्डा लांबट होतो. चंद्रावरचे खड्डे मात्र गोल आहेत. मग सगळ्या उल्का सरळ वरूनच पडल्या का? गिल्बर्ट यांनी मऊ पदार्थांवर गोळे टाकून प्रयोगही केले. पण हातानं टाकलेल्या गोळ्याचा वेग तो किती असणार?

उल्का किती वेगानं येते? कून ब्यूटला आदळलेली उल्का सेकंदाला १२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं आली असावी. या वेगानं दुबईहून अबू धाबीला जायला दहा-बारा सेकंद पुरतील! इतक्या वेगानं काही आदळलं, की ते दगडासारखं जमिनीत रुतत नाही, तर त्याचा बॉम्बसारखा स्फोट होतो. स्फोट सगळ्या दिशांना सारखा पसरतो, म्हणून खड्डा गोल होतो, उल्का तिरकी आली तरी. आणि त्या स्फोटात उल्का स्वतःच बहुतेक वितळून आणि विरून जाते. खाली तारा उरतच नाही. मग होकायंत्राची सुई ढळणार कशी, आणि डब्यातलं लिंबू सापडणार कुठून?

मी कॉम्प्युटरच्या कामात आहे. आम्ही प्रोग्राम लिहिला की टेस्ट लिहितो. कधी कधी सगळ्या टेस्ट पास होतात आणि तरी प्रोग्राम चुकतो. कारण टेस्ट लिहितानाच आपण एक चुकीची गोष्ट गृहीत धरलेली असते. गिल्बर्ट यांची मोजणी चुकली नव्हती. खड्डा करणारी वस्तू खड्ड्यात शिल्लक राहणारच, हे गृहीतक चुकलं होतं.

त्याच लेखात त्यांनी हेही स्पष्ट केलं होतं, की हे उत्तर कायमचं नाही. नवा पुरावा आला तर ते बदलावं लागेल, आणि पुरावा कुठल्या बाजूनं येऊ शकतो, हेही त्यांनी मोकळेपणानं मांडलं होतं.

७. शेवटची वर्षं

१८ एप्रिल १९०६. पहाटे पाचच्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भीषण भूकंप झाला. गिल्बर्ट तेव्हा जवळच, बर्कलीला होते. जमीन हलायला लागल्यावर ते जागे झाले. आयुष्यभर भूकंपाच्या खुणा वाचणाऱ्या या माणसाला अखेर खरा भूकंप अनुभवायला मिळत होता. दिवा कुठल्या दिशेला झोके घेतोय, तेही त्यांनी टिपून ठेवलं. मग भेग जिथून गेली, तिथे फिरून त्यांनी फोटो काढले. तुटून पुढे-मागे सरकलेली कुंपणं आणि रस्ते त्या फोटोंत दिसतात.

त्यांचं शेवटचं मोठं काम नद्यांवर होतं. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून डोंगर फोडले जात. त्याची माती नद्यांत येई, नद्यांचे तळ उंच होत आणि शेतांत पूर येत. ही माती किती, ती कुठे जाते, समुद्रापर्यंत कधी पोचेल, हे गिल्बर्ट यांनी मोजलं. हा अहवाल १९१७ साली निघाला. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र संस्थेचे ते दोनदा अध्यक्ष झाले होते, १८९२ आणि १९०९ साली.

१९०३ पासून डॅनियल बॅरिंजर नावाचे एक खाणमालक कून ब्यूटला खोदत होते. खड्डा उल्केचाच आहे आणि खाली लोखंड सापडेल, अशी त्यांना खात्री होती. १९०६ साली त्यांनी आपले पुरावे छापले. गिल्बर्ट यांनी त्यावर जाहीरपणे काही लिहिलं नाही. ते गप्प राहिले. का, ते आता कोण सांगणार? मला मात्र वाटतं, तिथे ते थोडे कमी पडले. मोठी माणसंही कमी पडतात.

१ मे १९१८ रोजी गिल्बर्ट वारले. पंच्याहत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता.

८. कोडं सुटलं

बॅरिंजर यांना लोखंडाचा गोळा कधीच सापडला नाही. सापडणार कसा? तो उरलाच नव्हता.

पुढे युजीन शूमेकर नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ आले. त्यांनी अॅरिझोनातल्या खऱ्याखुऱ्या मार खड्ड्यांचा, म्हणजे मॅग्मा आणि पाण्याच्या स्फोटांचा आधी अभ्यास केला होता. त्यामुळे कून ब्यूट त्यांच्यासारखा नाही, हे त्यांना नेमकं दिसलं. १९६० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोएसाइट हे खनिज सापडल्याचं जाहीर केलं. वाळूच्या कणांवर अतिप्रचंड दाब आला, तरच ते बनतं. वाफेच्या स्फोटात तेवढा दाब नसतो. आज त्या जागेला मीटिओर क्रेटर म्हणतात.

मग लोणारची पाळी आली. सरोवराच्या तळाखाली भोकं पाडून खडक काढले गेले. ते चुरगळलेले होते. त्यांत धक्क्यानं काच झालेलं खनिज मिळालं. असं खनिज साध्या लाव्हात बनत नाही. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं. लोणार उल्केचंच! गिल्बर्ट यांनी लावलेली जोडी खरी ठरली, फक्त कारण बदललं.

आणि आपलं अल वाहबा? ते ताइफ शहराच्या ईशान्येला आहे. सुमारे २ किलोमीटर रुंद, २५० मीटर खोल, तळाशी पांढरा क्षार. ते उल्केचं आहे असं अनेकांना वाटायचं. तपासल्यावर कळलं की तिथे वर येणाऱ्या मॅग्माला भूजल भेटलं होतं. तो खराखुरा मार आहे. गिल्बर्ट यांचं उत्तर चुकीचं नव्हतंच, फक्त ते दुसऱ्या खड्ड्याचं होतं!

आपल्याच रब अल खाली वाळवंटात, सौदीच्या हद्दीत, १९३२ साली फिल्बी नावाचे इंग्रज प्रवासी एक हरवलेलं शहर शोधत गेले. शहर मिळालं नाही, खड्डे मिळाले. त्यांना वाटलं, हे ज्वालामुखी आहेत. निघाले उल्केचे! म्हणजे चुकणाऱ्यांच्या यादीत आपण एकटे नाही.

आता शारजाच्या त्या विद्यार्थिनीबद्दल. त्या दिवसाआधी ती वर्गात फारशी बोलत नसे. एकदा ती तो सरोवर असं म्हणाली होती आणि कोणीतरी हसलं होतं. तेव्हापासून तिचा माइक बंदच असायचा. तो खड्डा, पण ते सरोवर. हे अवघड आहे, मला मान्य आहे. पण माइक बंद ठेवून तिनं माझी चूक दाखवली नसती, तर तुम्ही सगळे अजून अल वाहबाला उल्केचंच समजत बसला असता. आणि हा पाठही लिहिला गेला नसता.

म्हणून पुढच्या शनिवारपासून आपल्या वर्गात एक नवी गोष्ट. प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सांगायची, आणि ती कशी कळली, तेही सांगायचं. पहिली माझी. दुसरी कोणाची?

शब्दार्थ

उल्का – आकाशातून पृथ्वीकडे येणारा दगड किंवा लोखंडाचा गोळा
भूजल – जमिनीखाली साठलेलं पाणी
भूगर्भशास्त्र – पृथ्वीच्या आतल्या रचनेचा आणि खडकांचा अभ्यास
रांजणखळगा – वाहत्या पाण्यात दगड गरगर फिरून खडकात पडलेला गोल खड्डा
पापुद्रा – पातळ थर
घटसर्प – घशाचा एक जुना, जीवघेणा रोग
कसोटी – खरं-खोटं ठरवण्याची परीक्षा
गृहीत धरणे – न तपासता खरं मानणे
योगायोग – दोन गोष्टी ठरवल्याशिवाय एकत्र घडणे
ठोकून देणे – खात्री नसताना बिनधास्त सांगणे

प्रश्न

१. ओल्या कढीपत्त्याचं उदाहरण तुमच्या शब्दांत सांगा. त्यात मॅग्मा कोण आणि भूजल कोण?
२. गिल्बर्ट यांच्या दोन कसोट्या कोणत्या? त्या का फसल्या?
३. तक्ता भरा: लोणार, मीटिओर क्रेटर, अल वाहबा. आधी काय वाटलं होतं? खरं काय निघालं?
४. बॅरिंजर यांचे पुरावे छापून आल्यावर गिल्बर्ट गप्प राहिले. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? पाच वाक्यं लिहा.
५. तो, ती की ते? खड्डा, उल्का, सरोवर, वाफ, स्फोट, होकायंत्र, राख.
६. आजी-आजोबांना पुन्हा फोन लावा. या वेळी लोणारची गोष्ट तुम्ही त्यांना मराठीत सांगा. चुकलात तर चुकलात!